दिडकी कुठे गेली?

आपल्या घरात ऐंशीच्या पुढचे कुणी आजोबा असतील, तर त्यांना सहज विचारून पाहा, “सात दीड किती?” बहुधा “साडेदहा” असे उत्तर चटकन् येईल. हा हिशेब त्यांच्या जिभेवर कसा बसला?

जुन्या काळी पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर अंक गिरवी आणि तिन्हीसांजेला घरी परवचा म्हणे. त्यात नुसते पाढे नव्हते. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनपट, हेही असे. एवढ्याशा पोरांवर हा भार कशाला, असे आज वाटेल. पण त्या वेळचा बाजार आठवा. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, मणाचे शेर चाळीस! दीड आणा शेराने सात शेर जिन्नस घेतला, की दिडकी येणारा पोरगा उभ्या उभ्या साडेदहा आणे सांगे. छडीचा धाक होता, अर्थ न कळता घोकणारीही पुष्कळ होती. तरीपण पाढ्याला बाजारात काम होते, म्हणून तो जन्मभर टिकला.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पाठोपाठ शेर-मण जाऊन किलोग्रॅम आले. दिडकीचे काम संपले आणि ती शाळेतून निघून गेली. घोकण्याची सवय मात्र मागे राहिली.

पुढे २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन आले आणि मोठा वाद झाला. भाषा बिघडेल, असे पुष्कळांना वाटले. पण मुलाची अडचण काही खोटी नव्हे. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात, लिहायचे मात्र सहा आधी. ‘एकोणसाठ’मध्ये कानावर साठ पडतात आणि पाटीवर पाच येतात!

तेव्हा गुरुजी, आपण शब्द जुना ठेवा की नवा, आधी चिंचोके मांडा. दहा-दहांच्या सहा ढिगाऱ्या आणि वर तीन सुटे, हे मुलाने हाताने केले, म्हणजे त्रेसष्ट त्याचे झाले. मग पाढे खुशाल पाठ करून घ्या. अर्थ कळल्यावर केलेले पाठांतर ओझे होत नाही. ते जन्माची शिदोरी होते.