पु. ना. ओक आणि अर्धे वाचलेले वाक्य

पुरुषोत्तम नागेश ओक (१९१७-२००७) यांचे नाव निघाले की अभ्यासकांच्या वर्तुळात हशा पिकतो आणि चर्चा तिथेच संपते. आम्हांला हा हशा पुरेसा वाटत नाही. ओकांचा दोष मूलतः वाचनाचा आहे, आणि वाचन हा तर साहित्याच्या अभ्यासकाचाच प्रांत.

इंदूरला जन्मलेले ओक दुसऱ्या महायुद्धात आझाद हिंद सेनेत होते. पुढे त्यांनी दिल्लीत पत्रकारिता केली. १९६४ साली त्यांनी भारतीय इतिहासाच्या पुनर्लेखनासाठी संस्था काढली. परकीयांनी लिहिलेला इतिहास तपासून घ्यावा, ही मागणी गैर नव्हती. परंतु या तपासणीचा लवकरच आरोप झाला : तवारीखकार, इंग्रज अधिकारी आणि प्राध्यापक या सर्वांनी सत्य दडपले आहे. हा आरोप एकदा गृहीत धरला की विरोधी पुरावाही कटाचाच पुरावा ठरतो.

ताजमहालाचेच पाहा. १९६५ च्या पुस्तकात ओकांनी तो राजपूत महाल ठरवला; पुढे तेच शिवमंदिर, ‘तेजोमहालय’, झाले. त्यांचा मोठा आधार अब्दुल हमीद लाहोरीचा ‘बादशहानामा’. मुमताजच्या दफनासाठी निवडलेल्या जागी पूर्वी राजा मानसिंहाची हवेली होती व ती तेव्हा जयसिंहाकडे होती, असे लाहोरी खरोखरच लिहितो. त्याने हे लपवलेले नाही. पण जयसिंहाला मोबदला दिल्याचे, नंतर पाया घातल्याचे आणि कामाला पन्नास लाख रुपये लागल्याचेही तोच सांगतो. मकराण्याचा संगमरवर वाहून आणण्याविषयी जयसिंहाला धाडलेली फर्मानेही उपलब्ध आहेत. ओकांनी अर्धे वाक्य प्रमाण मानले आणि उरलेला ग्रंथ खोटा ठरवला.

शब्दांचेही तसेच. व्हॅटिकन म्हणजे वाटिका, ख्रिश्चॅनिटी म्हणजे कृष्णनीती! कानाला जुळले की व्युत्पत्ती सिद्ध. ‘ताज’ फारसी, ‘महल’ अरबी मुळाचा. शिवाय लाहोरी या वास्तूला ‘रौजा-ए-मुनव्वरा’ म्हणतो. ‘तेजो’चा ‘ताज’ कोणत्या ध्वनिनियमाने झाला, हा प्रश्न ओकांना पडलाच नाही.

इथे राजवाडे आठवतात. व्युत्पत्तीचा मोह त्यांनाही आवरत नसे, आणि त्यांचे कित्येक तर्क पुढे टिकले नाहीत. परंतु ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड त्यांनी आपल्यापुढे ठेवले, त्यांना खोडून काढायचे तर कागदपत्रे त्यांच्याच खंडांत मिळतात. ओकांनी मागे ठेवले ते निष्कर्ष.

सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ओकांची याचिका फेटाळली. तरी ताजमहालातील बंद खोल्या उघडाव्यात म्हणून २०२२ मध्ये दुसऱ्या कुणी अलाहाबाद उच्च न्यायालयात धाव घेतली, आणि तीही फेटाळली गेली. निकालांनी अशी मते संपत नाहीत. उद्या एखाद्या विद्यार्थ्याने ‘तेजोमहालया’विषयी विचारले, तर आम्ही त्याला हसणार नाही. लाहोरीचे ते पान त्याच्यापुढे ठेवू, आणि पुढचे वाक्यही वाच, असे सांगू.