फ्रेडी मर्क्युरी : पाचगणीने दिलेले नाव

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा दिवंगत गायक फ्रेडी मर्क्युरी याचे मूळ नाव फारोख बलसारा. झांजिबार येथे ५ सप्टेंबर १९४६ रोजी पारशी कुटुंबात जन्मलेला फारोख बालपणीच पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत दाखल झाला. तेथे त्याने पियानोचे धडे घेतले, १९५८ मध्ये शाळासोबत्यांसह ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला आणि तेथेच ‘फ्रेडी’ ही हाक रूढ झाली. लंडनमध्ये २४ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याचे एड्समुळे निधन झाले. मुलाखतींत तो या बालपणाविषयी फारसा बोलत नसे. मात्र जगाने ज्या नावाने त्याला डोक्यावर घेतले, ते पाचगणीचेच. मराठी मुलखातील चाहत्याला एवढी खूणही पुरेशी वाटते.