क्वेकर आणि फाशीचा दोर

दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात मेंढी चोरली तरी फाशीची शिक्षा होई. राहत्या घरातून चाळीस शिलिंगांचा ऐवज नेला तरी तीच शिक्षा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अशा दोनशेहून अधिक गुन्ह्यांना देहान्त शासन होते. आणि हे कायदे करणारे लोक देवधर्म मानणारेच होते, बरं का!

त्याच धर्माच्या आधाराने या कायद्यांविरुद्ध उभे राहिले ते क्वेकर पंथाचे लोक. सतराव्या शतकाच्या मध्यास जॉर्ज फॉक्सने हा पंथ स्थापला. प्रत्येकाच्या अंतरी ईश्वराचा प्रकाश आहे, ही त्यांची श्रद्धा. आपल्या वारकऱ्याला यात नवल वाटणार नाही. पण मग फासावर जाणाऱ्या चोराच्या अंतरी तो प्रकाश नाही का?

जॉन बेलर्स या क्वेकराने १६९९ मध्ये हाच प्रश्न लोकांपुढे मांडला. त्याचे म्हणणे साधे होते. तुमच्याच मुलाच्या हातून असा गुन्हा घडला, तर तुम्ही काय कराल? गुन्ह्याची कितीही चीड आली तरी त्याचा जीव वाचवायला धडपडाल. हा पुढेमागे सुधारेल, अशी आशा धराल. मग परक्याच्या मुलाला वेगळा न्याय का?

पुढे १८१३ मध्ये एलिझाबेथ फ्राय ही क्वेकर बाई लंडनच्या न्यूगेट तुरुंगात गेली. कैदी बायका आणि त्यांची लेकरे तिथे दाटीवाटीने कोंडलेली होती. तिने मुलांसाठी शाळा काढली, बायकांना शिवणकाम दिले. १८१८ मध्ये हॅरिएट स्केल्टन या कैदी बाईला खोट्या नोटा चालवल्याबद्दल फाशी सुनावली गेली. फ्रायबाई थेट गृहमंत्र्यांपर्यंत गेल्या, पण व्यर्थ! स्केल्टनला फाशी झालीच.

कुणी म्हणेल, शिक्षेचा धाक नको का? हवाच. पण धाक अती झाला की न्यायच अडखळतो. पंच मंडळींना दया येई, आणि ते चोरीच्या मालाची किंमत मुद्दाम एकोणचाळीस शिलिंग ठरवीत! १८३० मध्ये तर खुद्द पेढीवाल्यांनीच पार्लमेंटकडे अर्ज केला, की बनावट कागदपत्रांच्या गुन्ह्याला फाशी नको. कारण तिच्यामुळे गुन्हेगार दोषी ठरत नाहीत. श्रद्धा आणि व्यवहार एका वाटेवर आले ते असे.

मग बदल होत गेले. १८३२ मध्ये मेंढीचोरीची फाशी गेली, १८६८ मध्ये चव्हाट्यावर फाशी देणे थांबले. उरली खुनाची फाशी, आणि ती सर्वांत अवघड. १९२५ मध्ये रॉय कॅल्व्हर्ट या क्वेकर तरुणाने तिच्याविरुद्ध संघटित काम सुरू केले. तो १९३३ मध्ये वारला. फळ त्याला दिसले नाही. १९६५ मध्ये ब्रिटनमध्ये खुनाची फाशी तहकूब झाली, आणि १९६९ मध्ये कायमची बंद झाली.

आपल्या देशात ही शिक्षा अजून आहे. मात्र दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणीच ती द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ठरवले. ज्या घरातला माणूस मारला गेला, त्या घराचे दुःख कुणी हलके लेखू नये. तरीही शिक्षकबंधूंनी बेलर्सचा तो प्रश्न वर्गात एकदा विचारून पाहावा. मुले काय उत्तर देतात, ते ऐकण्यासारखे असेल.