प्रभातच्या फाटकावर बसलेली नटी

प्रभात रोडवरून आपण रोज जा-ये करतो. त्या रस्त्याला नाव मिळालं ते प्रभात फिल्म कंपनीमुळे. आज त्याच कंपनीबद्दल बोलू.

कंपनी निघाली १९२९ साली कोल्हापुरात. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी असे पाच भागीदार. १९३२ मध्ये त्यांनी ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट काढला आणि पुढच्याच वर्षी सगळा संसार पुण्याला हलवला. प्रभातचं बोधचिन्ह म्हणजे तुतारी फुंकणारी बाई. मालकांत मात्र एकही बाई नव्हती, हे आम्ही आपलं जाता जाता सांगतो.

तेव्हाचे स्टुडिओ एखाद्या कारखान्यासारखे चालत. सुतार, शिंपी, रंगारी, गवई, नट, सगळे महिन्याच्या पगारावर. नटनट्यांना करार असे आणि करार असेपर्यंत दुसरीकडे काम करायचं नाही. अमेरिकेत हॉलीवूडचीही हीच रीत होती, तिथे करार सात-सात वर्षांचे असत. पगाराची शाश्वती होती, हे खरंच. नाटक-सिनेमात काहीच नाव नसलेल्या गौरी ‘संत तुकाराम’मध्ये जिजाई झाल्या, तेही अशा घरच्यासारख्या कंपनीतच घडू शकलं. त्यांची कजाग, कष्टाळू जिजाई बघाच. आम्हाला तर ती तुकोबांपेक्षा जवळची वाटते.

आता सेन्सॉर. १९१८ च्या कायद्याने इंग्रज सरकारने चित्रपट तपासायला मंडळं नेमली. मुंबईच्या मंडळावर अध्यक्ष कोण, तर पोलीस कमिशनर! म्हणजे रोख कुठे होता ते समजा. प्रभातने शिवाजी महाराजांवर मूकपट काढला, ‘स्वराज्याचे तोरण’. स्वराज्य हा शब्द चालला नाही, नाव ‘उदयकाल’ करावं लागलं. १९३५ मध्ये संत एकनाथांवर बोलपट केला, बालगंधर्व एकनाथ झाले. विषय अस्पृश्यतेचा, नाव ‘महात्मा’. त्या नावात सरकारला गांधीजी दिसले, मग ‘धर्मात्मा’ झालं.

आणि १९३७ चा ‘कुंकू’? फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. म्हाताऱ्याच्या विधवा लेकीचं काम शकुंतला परांजपे यांनी केलं. याच बाईंनी पुढे पुण्यात संततिनियमनाचा प्रचार केला. अमेरिकेत १९३४ पासून सक्तीने लागू झालेल्या नियमावलीत लग्नसंस्थेचं पावित्र्य राखलंच पाहिजे असं कलम होतं. आपल्याकडच्या साहेबाला घरातल्या बंडाची तेवढी भीती नव्हती, त्याला फाटकाबाहेरचं बंड नको होतं. ‘कुंकू’ आपल्यापर्यंत पोचला त्यात याचाही वाटा असावा, असं आम्हाला वाटतं.

नीरा झाली होती शांता आपटे. गळा गोड आणि स्वभाव करारी. जुलै १९३९ मध्ये कंपनीशी कराराचा वाद विकोपाला गेला, तेव्हा ही विशीतली मुलगी प्रभातच्या फाटकावर उपोषणाला बसली. गावभर चर्चा! पडद्यावरची नीरा टाळ्या घेऊन गेली होती. तीच बाई आपल्या कामाचा हिशोब मागायला रस्त्यावर बसली, तेव्हा किती जणांना रुचलं असेल? तुम्हीच सांगा, आपल्या घरी तरी रुचतं का?

यात ती एकटी नव्हती. तीन वर्षं आधी अमेरिकेची बेटी डेव्हिस अशीच वॉर्नर ब्रदर्सशी भांडली, इंग्लंडच्या कोर्टात खटला हरली आणि परत त्याच कंपनीत कामाला गेली. ऑलिव्हिया डी हॅविलंड मात्र १९४४ मध्ये त्याच कंपनीविरुद्ध जिंकली. नटीने काम नाकारलं की तेवढे दिवस कराराला जोडायचे, ही स्टुडिओची युक्ती कोर्टाने मोडून काढली. गटाच्या बैठकीत सही करण्याआधी कागद वाचा म्हणून आम्ही कानीकपाळी ओरडतो, ते उगीच नाही.

शांताबाईंच्या बाजूने असा निकाल कुठे लागला नाही. त्यांनी प्रभात सोडली, स्वतंत्रपणे कामं घेतली. १९५३ मध्ये प्रभात बंद पडली आणि १९६० मध्ये त्याच जागेवर सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट आली. पण शांताबाईंनी त्याच्या कितीतरी आधी, १९४० मध्येच, एक पुस्तक लिहिलं होतं. नाव होतं ‘जाऊ मी सिनेमात?’