मोदक (टंक)

मोदक हा देवनागरी आणि लॅटिन या दोन लिप्यांसाठी तयार केलेला, अतिशय जाड वळणाचा शीर्षक-टंक म्हणजेच फॉन्ट आहे. मुंबईतील 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाने तो निर्माण केला. यातील देवनागरी अक्षरे सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी रचली आहेत. गणपतीच्या नैवेद्यातील मोदकाचे नाव या गुबगुबीत अक्षरांना दिलेले आहे.

रचना

या टंकाची सुरुवात हाताने काढलेल्या रेखाटनांपासून झाली. अक्षरांच्या रेषा इतक्या फुगवलेल्या आहेत की त्या एकमेकींना जवळजवळ भिडतात आणि त्यांच्यामध्ये केवळ बारीक फटी उरतात. अक्षर ओळखू येते ते या फटींमुळेच.

देवनागरीत ही गोष्ट साधणे विशेष अवघड असते. 'व' आणि 'ब' किंवा 'प' आणि 'ष' या जोड्यांमधील भेद अक्षराच्या पोटातील एकाच रेषेवर अवलंबून असतो. पोट पूर्ण भरून गेले तर हा भेदच नाहीसा होतो आणि शब्द चुकीचा वाचला जाण्याचा धोका निर्माण होतो. 'क्ष', 'झ' यांसारख्या अक्षरांत अनेक वळणे थोड्या जागेत बसवावी लागतात. शिवाय शिरोरेखेच्या वर मात्रा, वेलांटी व अनुस्वार आणि खाली उकार यांनाही जागा द्यावी लागते. युनिकोडमध्ये बहुसंख्य जोडाक्षरांना स्वतंत्र संकेत नसतात. त्यामुळे त्यांच्या आकृत्या टंकामध्येच सिद्ध कराव्या लागतात. यामुळे मोदकच्या रचनेत मजकुराच्या टंकांपेक्षा निराळे निर्णय घ्यावे लागले.

उपयोग

मोदक एकाच जाडीत उपलब्ध आहे. पुस्तकाचे मुखपृष्ठ, बालसाहित्यातील शीर्षके, भित्तिपत्रके, निमंत्रणपत्रिका, वेष्टने अशा मोजक्या शब्दांच्या व मोठ्या आकाराच्या मजकुरासाठी तो योग्य ठरतो. अक्षरांचा आकार लहान केल्यास फटी बुजतात. म्हणून सलग परिच्छेद, तळटीपा किंवा पाठ्यपुस्तकातील धडे यांसाठी तो उपयोगी नाही. अशा ठिकाणी शीर्षक मोदकमध्ये आणि मजकूर साध्या टंकात ठेवता येतो. 'एक टाइप'चाच सात जाडींमधील 'मुक्त' हा टंक अशा मजकुरासाठी वापरता येतो.

परवाना

मोदक 'एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स' या मुक्त परवान्याखाली 'गूगल फॉन्ट्स'वर विनामूल्य उपलब्ध आहे. या परवान्याची १.१ ही आवृत्ती २००७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार टंकाचा व्यावसायिक कामातही वापर करता येतो, त्यात बदल करता येतात आणि तो इतरांना देता येतो. मात्र केवळ टंकाची स्वतंत्रपणे विक्री करता येत नाही आणि बदललेली आवृत्ती त्याच परवान्याखाली द्यावी लागते. टंक वापरून छापलेल्या पुस्तकावर वा पत्रिकेवर ही बंधने लागू होत नाहीत.