चार आकड्यांचं डिजिटल कुलूप आतून कसं चालतं?

वडोदरा : कारेलीबागेतला फ्लॅट बंद करून आठवडाभर गावी जायचं, तर दाराच्या कुलपावर भरवसा हवा. आकड्यांच्या कुलपात हा भरवसा फायनाइट स्टेट मशीनवर, म्हणजे मोजक्या अवस्थांमध्ये फिरणाऱ्या सर्किटवर असतो.

चार आकड्यांसाठी सुरुवात, एक बरोबर, दोन बरोबर, तीन बरोबर आणि उघडं अशा पाच अवस्था पुरतात. त्या लक्षात ठेवायला तीन फ्लिप-फ्लॉप लागतात; दोनांत चारच मावतात.

इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी प्रोजेक्ट करताना बहुधा इथंच थांबतात, आणि तिथंच घोळ होतो. चुकीचा आकडा दाबताक्षणी लाल दिवा लागला, तर कुठला आकडा चुकला हे चोराला आयतंच कळतं. मग 10,000 जोड्या तपासायची गरजच नाही. एकेका जागेला दहा, म्हणजे फार तर 40 प्रयत्नांत दार उघडतं.

यावरचा उपाय जवळपास फुकट आहे. तीन फ्लिप-फ्लॉपमध्ये आठ अवस्था बसतात, त्यातल्या तीन रिकाम्याच असतात. त्या चुकलेल्या वाटेला द्यायच्या. पहिला आकडा चुकला तरी कुलूप गप्प राहतं, पुढचे आकडे घेत राहतं आणि चौथ्यानंतरच नकार देऊन सुरुवातीला येतं.

बटणाचंही बघावं लागतं. एकदाच दाबलं तरी आतला संपर्क काही मिलिसेकंद थरथरतो आणि सर्किटला दोन-चारदा दाबल्यासारखं वाटतं. म्हणून डिबाउन्स सर्किट हवंच. शिवाय लाईट जाऊन आली की फ्लिप-फ्लॉप कुठल्याही अवस्थेत उठू शकतात, अगदी ‘उघडं’मध्येसुद्धा! त्यामुळे वीज येताच मशीनला सुरुवातीच्या अवस्थेत नेणारा रीसेट आधी जोडायचा.