'आमुक' : एका क्रियापदाचा रोग कसा झाला

वर्गात व्याकरण शिकवताना मी सांगतो, क्रियापदाला कर्ता लागतो. कर्त्याच्या जागी अख्खी जात कोण बसवतो, हे मात्र पाठ्यपुस्तकात नसते.

मलाय भाषेत 'आमुक' हा धातू आहे. (आपल्या 'अमुक-तमुक'शी त्याचे नाते नाही.) त्यापासून 'मेङामुक' हे क्रियापद होते : बेभान होऊन तुटून पडणे. जुन्या मलाय बखरींत योद्धे शत्रूवर असे तुटून पडतात. ते शौर्य असते. हत्ती बिथरला, वादळाने थैमान घातले, आग भडकली, तरी हेच क्रियापद. जावानीज व सुंदानीज भाषांत ते 'ङामुक' होते. आपल्या वर्णमालेतला बिनकामाचा 'ङ' तिकडे शब्दाच्या आरंभी येतो! फिलिपिन्समध्येही 'नाग-आमोक' म्हणतात.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हा शब्द उचलला आणि मलबारात राजासाठी मरणाची शपथ घेतलेल्या योद्ध्यांनाही लावला. गोव्याचे कोशकार सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो यांनी १९१९-२१ च्या आपल्या कोशात त्याची नोंद केली आहे.

इंग्रजांच्या हाती मात्र क्रियापदाचे नाम झाले. सिंगापूरच्या वेड्यांच्या इस्पितळाचे प्रमुख गिलमोर एलिस यांनी १८९३ मध्ये 'मलायांचा आमोक' या विषयावर वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. मलाय माणूस अशा कृत्यामागे 'साकित हाती', म्हणजे दुखावलेले मन, पाहत असे. रोगाचे नाव पडले की दुखावले कोणी, हे विचारावे लागत नाही. गंमत अशी की तोच मलाय साहेबांच्या लेखी जन्मजात आळशीही होता. सय्यद हुसैन अलातास यांनी १९७७ मध्ये त्या मिथकाचे वाभाडे काढले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या १९९४ च्या ग्रंथात आमोक विशिष्ट संस्कृतींच्या विकारांत होता. २०१३ च्या आवृत्तीत ती यादी राहिली नाही.

मी हे परक्याच्या कुतूहलाने वाचू शकलो नाही. याच इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने इथल्या अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवण्याची सोय केली. तो कायदा १९५२ मध्ये गेला. तरी माझ्या लहानपणी गावात चोरी झाली की पोलीस आधी आमच्या वस्तीत येत. आजीला अक्षरओळख नव्हती. ती विचारायची, "कागदावर नाव कुणाचं हाय?" नाव कुणाचेच नसे. जात लिहिलेली असे.